ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी

पुण्यात किंवा नाशिकमध्ये एखादी पाच-सहा मजली इमारत उभी राहायची असली की आधी जागेवर बोअर घेतात. माती-मुरमाचे आणि खडकाचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि वीस-तीस पानांचा एक अहवाल तयार होतो. साइटवरची मंडळी त्याला 'सॉइल रिपोर्ट' म्हणतात. त्याच्या प्रती बऱ्याच जणांकडे जातात, पण खरा वाचक एकच असतो: पाया ठरवणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्याला वाचताना पाहणं फार शिकवून जातं. पहिली काही पानं तो चाळतही नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे, हा खडक लाव्हाच्या थरांतून बनला, असला मजकूर तिथे असतो आणि तो एका अहवालातून दुसऱ्यात जसाच्या तसा उतरत आलेला असतो. इंजिनिअर थेट शेवटच्या शिफारशींवर जातो. पाया किती खोल, दर चौरस मीटरला किती टन भार चालेल, एवढं पाहून घेतो. मग उलटा मागे येतो आणि बोअरच्या नोंदी काढतो, कारण शिफारस त्याला नुसती स्वीकारायची नसते, तपासायची असते.

समजा, तीन बोअरपैकी दोनांत दीड मीटरवर मुरूम लागला आहे आणि तिसऱ्यात चार मीटरपर्यंत काळी माती आहे. त्याचं बोट तिथे थांबतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हे त्याला कोणी सांगायला नको. त्या एका कोपऱ्याचं काय करायचं, हा त्याचा प्रश्न आहे. पाया तिथेच खोल न्यायचा, की सगळीकडे? की आणखी एक बोअर घ्यायचा? बऱ्याच अहवालांत नेमकं याच जागी सरासरी काढलेला एक आकडा असतो आणि त्याच्यावर सही-शिक्का. मग इंजिनिअर फोन उचलतो आणि जे कागदावर यायला हवं होतं ते पाच मिनिटांत तोंडी विचारून घेतो.

अहवाल लिहिणाऱ्याला विषय कळत नव्हता असं नाही. उलट आपल्याला विषय कळतो हे दाखवण्यातच त्याची पहिली दहा पानं खर्ची पडली. ही सवय शाळेपासूनची आहे. शाळा-कॉलेजात आपण ज्यांच्यासाठी लिहितो त्या शिक्षकाला उत्तर आधीच माहीत असतं. तो ते शोधायला वाचत नाही, आपल्याला ते येतं का हे पाहायला वाचतो, आणि तेवढ्यासाठी त्याला पगार असतो. कितीही कंटाळवाणं असलं तरी तो शेवटच्या ओळीपर्यंत जातो. पंधरा-वीस वर्षं असा वाचक मिळाल्यावर माणसाला वाटू लागतं की वाचक म्हणजे असाच. बाहेरच्या जगातला तज्ज्ञ वाचक तेवढ्याच ज्ञानाचा किंवा जास्त ज्ञानाचा असतो, पण आपल्याला काय येतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच्या टेबलावर एक काम अर्धवट पडलेलं असतं आणि तुमचा कागद त्या कामाला काही उपयोगी पडतो का, एवढंच त्याला पाहायचं असतं.

अमेरिकेतले लेखनाचे अभ्यासक चार्ल्स बेझरमन यांनी 1985 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ शोधनिबंध कसे वाचतात यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ही मंडळी निबंध सरळ वाचत नव्हती. आपल्या चालू संशोधनाला भिडणारा भाग उचलायचा, ओळखीचा भाग ओलांडायचा, शंका आली तरच पद्धतीच्या तपशिलात शिरायचं, असं त्यांचं वाचन होतं. आपल्याकडचा कोणताही अनुभवी डॉक्टर, वकील किंवा सनदी लेखापाल असंच वाचतो. तेव्हा तज्ज्ञासाठी लिहिताना पहिला प्रश्न 'काय सांगू?' हा नसतो. या माणसाच्या मनात आत्ता कुठली शंका किंवा कुठला निर्णय अडकला आहे, हे आधी ठरवावं लागतं.

विद्यापीठीय लेखनात हे विसरण्याची आपली परंपरा मोठी आहे. प्रबंधाचं पहिलं प्रकरण 'प्राचीन काळापासून मानव' इथून सुरू होतं. पूर्वसंशोधनाचा आढावा हा बहुतेक वेळा हजेरीपट असतो: अमुक यांनी अमुक साली असं म्हटलं, तमुक यांनी तमुक साली तसं म्हटलं, सगळे हजर. बहिःस्थ परीक्षकाने त्यातली निम्मी पुस्तकं शिकवलेली असतात. त्याला हवं असतं ते या दोघांचं कुठे पटत नाही आणि हा वाद मिटवायला कोणता पुरावा कमी पडतोय ते. जॉन स्वेल्स यांनी 1990 च्या आपल्या पुस्तकात शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचा एक ढाचा मांडला, तो आता जगभर शिकवला जातो: आधी क्षेत्र दाखवा, मग त्यातली फट दाखवा, मग ती आपण कशी बुजवतोय ते सांगा. ढाचा चांगला आहे, पण आपल्याकडे त्याचा फार स्वस्त वापर होतो. 'या तालुक्यात असा अभ्यास यापूर्वी झालेला नाही' ही फट नव्हे. असे अभ्यास न झालेले तालुके शेकड्यांनी आहेत. या तालुक्यात असं काय आहे की ज्यामुळे आजवर मानलेला निष्कर्ष डळमळेल, हे सांगता आलं तरच परीक्षक खुर्चीत सावरून बसतो.

या बाबतीत मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो एका कारकुनाने पाठवलेला कागद. 16 जानेवारी 1913 रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातले श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं. ही गोष्ट आपण नेहमी प्रतिभेची आणि दैवाची म्हणून सांगतो. पत्र म्हणून ते क्वचितच वाचलं जातं. सुरुवातीला वीस पौंड वार्षिक पगार आणि विद्यापीठीय शिक्षण नाही, अशी थोडक्यात ओळख आहे. मग लवकरच ते हार्डींच्याच एका पुस्तिकेवर येतात. दिलेल्या संख्येपेक्षा लहान मूळसंख्या किती, हे सांगणारं निश्चित सूत्र अजून सापडलेलं नाही, असं तुम्ही 36व्या पानावर म्हटलं आहे. खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ जाणारं सूत्र मला सापडलं आहे. पानाचा आकडासुद्धा दिलेला. मग सिद्धान्तांची पानंच्या पानं.

हार्डींच्या जागी बसून पाहा. अनोळखी माणसांची, वर्तुळाला चौरस केल्याचा दावा करणारी पत्रं नामवंत गणितज्ञांना नेहमीच येत. हे पत्र मात्र त्यांच्या स्वतःच्या छापील वाक्यावर बोट ठेवत होतं. गंमत म्हणजे मूळसंख्यांबद्दलचा तो दावा पुढे चुकीचा ठरला. पण तोपर्यंत त्याने आपलं काम केलं होतं, हार्डी पुढची पानं वाचू लागले होते. त्यातले काही निष्कर्ष ओळखीचे होते, काही त्यांना कष्टाने सिद्ध करता आले, आणि परंपरित अपूर्णांकांच्या काही सूत्रांपुढे त्यांनी हात टेकले. हे मिश्रणही पथ्यावर पडलं असं मला वाटतं. ओळखीचे निष्कर्ष बरोबर निघाल्यामुळेच अनोळखी निष्कर्षांवर विश्वास ठेवायला जागा झाली. याआधी केंब्रिजच्याच दोन मोठ्या गणितज्ञांनी, बेकर आणि हॉब्सन यांनी, रामानुजन यांचे कागद परत पाठवले होते. तेव्हा पत्र चांगलं असणं पुरेसं नव्हतं, योग्य माणसाकडे जाणंही भाग होतं. 8 फेब्रुवारीला हार्डींचं उत्तर निघालं. त्यात कौतुक होतं, आणि सिद्धता पाठवा असा आग्रह होता. तज्ज्ञ वाचक प्रभावित झाला तरी आपली मागणी सोडत नाही.

वाचकाच्या डोक्यात आधीपासून असलेल्या गोष्टीला हात घालण्याचं दुसरं उदाहरण 25 एप्रिल 1953 च्या 'नेचर'मध्ये आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध जेमतेम पानभराचा. पहिल्या परिच्छेदात 'आम्ही एक रचना सुचवतो' एवढंच सांगून दुसऱ्या परिच्छेदात ते लगेच लायनस पॉलिंग आणि कोरी यांच्या तीन साखळ्यांच्या मॉडेलकडे वळतात. पॉलिंग म्हणजे त्या काळातलं रसायनशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव आणि त्यांचं मॉडेल दोनच महिन्यांपूर्वी छापून आलेलं. वाचणाऱ्या प्रत्येक जाणकाराच्या मनात 'मग पॉलिंगचं काय?' हे येणारच होतं. लेखकद्वय दोन कारणं देतं: आतल्या बाजूला ठेवलेले ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना ढकलतील, तेव्हा ती रचना कशाच्या बळावर एकत्र राहणार ते कळत नाही; आणि अणूंमधली काही अंतरं नको इतकी कमी भरतात. विशेषणं नाहीत, उपहास नाही. आकडेमोड करून पाहता येतील अशा दोन हरकती, आणि पुढे. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या कामाचं ऋण त्या निबंधात किती मोघमपणे मानलं आहे, हा वेगळा आणि कटू विषय आहे. लेखनकौशल्य आणि सचोटी एकाच कागदावर नांदतातच असं नाही.

तज्ज्ञासाठी लिहायचं म्हणजे अवघड लिहायचं, असा एक समज आहे. पारिभाषिक शब्द वापरायला काहीच हरकत नाही. हृदयरोगतज्ज्ञाला 'अँजिओप्लास्टी' समजावून सांगणं हा त्याचा वेळ घेणं आहे. धोका असतो तो साध्या, सभ्य, गंभीर वाटणाऱ्या शब्दांत. 'लक्षणीय', 'समाधानकारक', 'दाट शक्यता', 'काही प्रमाणात'. हे शब्द लिहिणाऱ्याला नेमके वाटतात, कारण त्यांच्या मागचा आकडा त्याच्या डोक्यात असतो.

शर्मन केंट हे अमेरिकी गुप्तचर संस्थेत अंदाज तयार करणाऱ्या विभागात होते. 1951 मध्ये त्यांच्या विभागाने असा अंदाज दिला की सोव्हिएत गोटाकडून युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे. नंतर परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने साधारण 65 विरुद्ध 35. तो अधिकारी चकित झाला, कारण त्याने फारच कमी धरलं होतं. केंट अस्वस्थ झाले आणि त्यांनी मसुद्यावर एकमताने मान डोलावलेल्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं 20 विरुद्ध 80 पासून 80 विरुद्ध 20 पर्यंत पसरलेली निघाली. सगळ्यांनी एका वाक्याला संमती दिली होती आणि प्रत्येकाने वेगळा अंदाज वर्तवला होता. 1964 मध्ये केंट यांनी यावर लेख लिहून शब्दांना टक्के जोडायचा प्रस्ताव मांडला. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या अहवालांत आज हीच शिस्त दिसते. तिथे 'संभाव्य' म्हणजे किमान 66 टक्के आणि 'अतिसंभाव्य' म्हणजे किमान 90 टक्के.

आकडा योग्य जागी न लिहिण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे नासाच्या कोलंबिया या स्पेस शटल यानाच्या एका स्लाइडवरून कळतं. 16 जानेवारी 2003 रोजी यान उडालं. त्यात सात जण होते, त्यांतल्या एक आपल्या कल्पना चावला. उड्डाणानंतर साधारण 82 सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना बोईंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून व्यवस्थापकांसमोर ठेवला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक, मराठीत सांगायचं तर, चाचण्यांची आकडेवारी पाहता उष्णतारोधक टाइल भेदली जाण्याचा अंदाज सुरक्षित बाजूकडे झुकलेला आहे, असं होतं. शीर्षक वाचून माणूस निश्चिंत होतो. खाली लहान-मोठ्या ठिपक्यांच्या उतरंडीत 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द पाच वेळा येतो, दर वेळी वेगळ्या अर्थाने. आणि सर्वांत तळाशी, सर्वांत गौण पायरीवर, एक नोंद: चाचणीतल्या तुकड्याचं आकारमान 3 घन इंच होतं, प्रत्यक्षातल्या तुकड्याचं 1920 घन इंच.

म्हणजे 640 पट. ज्या चाचण्यांच्या जोरावर शीर्षकात दिलासा दिला होता, त्या चाचण्या या प्रसंगाला लागूच नव्हत्या. ही बातमी स्लाइडवर होती. ती कोणी लपवली नव्हती. पण वाचणारे व्यवस्थापक स्वतः मुरलेले अभियंते होते, आणि मुरलेला वाचक शीर्षक वाचून पुढे सरकतो. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं. चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या अहवालात माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली या स्लाइडची चिरफाड छापली, आणि तांत्रिक निबंधांची जागा स्लाइडनी घेतल्याबद्दल नासाला बोल लावला. माझ्या मते दोष स्लाइडपेक्षा शीर्षकाचा जास्त. तेच शीर्षक पंधरा पानी अहवालावर असतं तरी वाचक तितकाच निश्चिंत झाला असता.

रुग्णालयांत एक रिवाज हळूहळू रुजतो आहे. नर्सने किंवा निवासी डॉक्टरने वरिष्ठांना फोन करताना चार गोष्टी क्रमाने सांगायच्या: आत्ता काय झालंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून वैद्यकात आली. पहिल्या तीन गोष्टी शहाणी माणसं कशीही सांगतात. चौथी बहुतेकांच्या जिभेवर अडते. 'सर, पेशंटचा बीपी जरा कमी वाटतोय' म्हणून फोन ठेवला जातो, 'तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं' हे म्हटलं जात नाही. वरिष्ठाला आपण काय सांगणार, हा संकोच आपल्याकडे तर अंमळ जास्तच. पण वाचक जितका मोठा, जितका व्यग्र, तितकं आपल्याला नेमकं काय हवं ते लिहून देणं गरजेचं असतं. तुमच्या माहितीवरून योग्य मागणी काय निघते ते तो स्वतः शोधत बसणार नाही.

युटातल्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइसजोली यांचं 31 जुलै 1985 चं टिपण या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. ही कंपनी शटलचे बूस्टर बनवत असे आणि बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी रिंगा गरम वायूने झिजत होत्या. टिपण अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना लिहिलेलं. पहिल्याच वाक्यात हेतू: व्यवस्थापनाला या प्रश्नाचं गांभीर्य पूर्ण कळावं. पुढे, सांधा निकामी झाला तर माणसं मरतील, हे आडपडदा न ठेवता. आणि मागणी: हा प्रश्न सोडवण्यासाठी खास गट नेमा. 20 ऑगस्टला गट नेमला गेला. जे मागितलं ते कागदावर मिळालं. उड्डाणं थांबवा, अशी मागणी त्यात नव्हती. 1 ऑक्टोबरला त्याच गटातले रॉबर्ट एबेलिंग यांनी आपलं टिपण 'वाचवा!' या अर्थाच्या एका शब्दाने सुरू केलं, कारण गटाच्या कामात पदोपदी अडथळे येत होते.

27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी मात्र मागणी स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे शटल त्याच्या अखेरच्या ठरलेल्या उड्डाणावर निघायचं होतं आणि फ्लोरिडात रात्री तापमान गोठणबिंदूखाली जाणार होतं. थायोकॉलने तेरा पानं फॅक्स केली. शिफारस होती: रिंगांचं तापमान 53 अंश फॅरनहाइटपेक्षा कमी असेल तर उडवू नका. फोनच्या दुसऱ्या टोकाला नासाचे लोक होते, सगळे या यंत्राचे जाणकार. त्यांची हरकत कोणालाही आधी सुचावी अशी होती: 53 अंशांच्या उड्डाणात रिंगांमागे काजळी आढळली हे खरं, पण 75 अंशांच्या उड्डाणातही आढळली होती, मग थंडीचा संबंध कसा लावता? याचं उत्तर अभियंत्यांकडे होतं. थंडीतल्या उड्डाणातली काजळी काळीकुट्ट आणि बरीच जास्त पसरलेली होती, दुसरी फिकट आणि थोडक्यात आवरलेली. ही तुलना त्या पानांत होतीसुद्धा. पण नुकसान एका पानावर, तापमान दुसऱ्या पानावर, आणि दोन्ही शेजारी ठेवून 'तुमची शंका ही, तिचं उत्तर हे' असं कुठेच नाही.

टफ्टी यांनी पुढे म्हटलं की सगळ्या उड्डाणांचं तापमान आणि नुकसान एका आलेखावर मांडलं असतं तर धोका उघड दिसला असता. त्याला बॉइसजोली आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये उत्तर दिलं: तशी पूर्ण माहिती त्या रात्री आमच्या हातात नव्हती, आणि हा आलेख हवेचं तापमान आणि रिंगांचं तापमान यांची गल्लत करतो. मला अभियंत्यांचं म्हणणं पटतं. घाईघाईत गोळा केलेल्या, काही हाताने लिहिलेल्या पानांकडून पुस्तकातल्या आलेखाची अपेक्षा करणं अन्याय आहे. पण आलेख नसला तरी एका परिच्छेदात 75 अंशांच्या हरकतीचा समाचार घेता आला असता, तेवढा मजकूर हाताशी होता.

नासाकडून दबाव आला, थायोकॉलच्या व्यवस्थापकांनी फोन बंद ठेवून आपसात चर्चा केली आणि शिफारस फिरवली. मग एक नवं पान तयार झालं, फक्त एक. वरच्या ओळी अभियंत्यांच्या आहेत: या वेळी रिंगा आजवरच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षाही 20 अंशांनी थंड असतील, थंड रिंगा कडक होतात, कडक रिंगांना जागेवर बसायला वेळ लागतो, तोवर जास्त वायू निसटू शकतो. मधल्या ओळींत दिलासा: पहिली रिंग बसली नाही तर दुसरी बसेल. खाली उड्डाण करावं ही शिफारस, आणि ही मोटर त्या सर्वांत थंड उड्डाणातल्या मोटरपेक्षा लक्षणीय वेगळी वागणार नाही, असं आश्वासन. पहिल्या चार ओळींवरून ही शिफारस कशी निघते, हे त्या पानात कुठेच नाही. पण नासाला त्या रात्री एवढंच पाहायचं होतं की शिफारस आहे आणि तिच्याखाली कंपनीची सही आहे. फ्लोरिडात हजर असलेले थायोकॉलचे ॲलन मॅकडोनाल्ड सही करायला तयार नव्हते, म्हणून उपाध्यक्ष जो किल्मिन्स्टर यांनी युटात सही केली आणि पान फॅक्सने पाठवलं.